हायस्कूल सॉफ्टबॉलमधून कॉलेजच्या टीमपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये फास्टपिच सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या मराठी आईवडिलांसाठी आहेत. इयत्ता अमेरिकन धरल्या आहेत: नववी म्हणजे फ्रेशमन, बारावी म्हणजे सीनियर. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जुलै 2025 पासून स्कॉलरशिपचे नियम मुळापासून बदलले आहेत. ज्यांच्या मुली 2022 किंवा 2023 साली कॉलेजला लागल्या, त्यांचा पैशांबाबतचा सल्ला प्रेमाने ऐकून घ्या, पण त्यावर हिशेब मांडू नका.

कॉलेजमध्ये खेळायचं म्हणजे डी-1 मध्येच का?

नाही, आणि हा गैरसमज जितक्या लवकर जाईल तितका बरा. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची सगळ्यात मोठी संघटना. तिच्या डिव्हिजन 1 (डी-1) मध्ये सॉफ्टबॉलच्या सुमारे 300 टीम आहेत, डिव्हिजन 2 मध्ये जवळपास तेवढ्याच आणि डिव्हिजन 3 मध्ये 400 च्या आसपास. त्याशिवाय छोट्या कॉलेजांची एनएआयए ही संघटना आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए, जिला सगळे ‘जुको’ म्हणतात. देशभरात हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली साधारण 3 लाख 40 हजार आहेत. एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून जागा वीस हजारांच्या थोड्या पुढे.

टीव्हीवर दिसतं ते ओक्लाहोमा सिटीतलं विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज. 2021 ते 2024 अशी सलग चार वर्षं तिथे ओक्लाहोमा जिंकलं, 2025 मध्ये टेक्सासने टेक्सास टेकला हरवलं. तिथल्या मुली हा या खेळाचा अगदी वरचा पापुद्रा आहे. बाकी हजारो जणी मंगळवारी दुपारी शंभर प्रेक्षकांसमोर खेळतात आणि त्यांचं छान चाललेलं असतं.

यादी करताना एक साधी तपासणी राहून जाते: त्या कॉलेजात सॉफ्टबॉलची टीम आहे का? व्हँडरबिल्ट आणि लॉस एंजेलिसचं यूएससी या दोन्ही नामांकित विद्यापीठांत ती नाही. तिथे असतो तो क्लब सॉफ्टबॉल, म्हणजे विद्यार्थिनींनी हौसेने चालवलेली टीम. त्यासाठी कुणी रिक्रूट करत नाही.

मुलगी शाळेच्या टीमची कॅप्टन आहे, कॉन्फरन्सच्या निवडक संघातही आली. तेवढं पुरेल का?

बहुधा नाही. त्यात तिची चूक काही नाही, वेळापत्रकच तसं आहे. बहुतेक राज्यांत शाळेचा सीझन फेब्रुवारी-मार्च ते मे असतो आणि नेमका तेव्हाच कॉलेजचाही सीझन चालू असतो. कोच स्वतःच्या डगआउटमध्ये अडकलेला असतो, तुमच्या शाळेच्या मॅचला येणार कधी? जॉर्जिया, ओक्लाहोमा, नेब्रास्का, कोलोराडो इथे शाळेचा सीझन शरद ऋतूत आणि आयोवात चक्क उन्हाळ्यात असतो, पण हे अपवाद.

कोच मुली बघतात ते जून-जुलैत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ट्रॅव्हल बॉलच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या, मोठ्या स्पर्धांत. एका संकुलात दहा-बारा मैदानं, शे-दीडशे टीम, त्यामुळे एका दिवसात त्यांच्या चाळीस मुली बघून होतात. अशा स्पर्धा भरवणाऱ्यांत पीजीएफ आणि अलायन्स ही मोठी नावं. म्हणून 16-अंडर आणि 18-अंडर वयोगटात बऱ्यापैकी ट्रॅव्हल टीम हवी.

‘बऱ्यापैकी’ म्हणजे कोणती, हे टीम निवडताना तीन प्रश्नांवरून कळतं. गेल्या दोन वर्षांत या टीममधल्या मुली कोणकोणत्या कॉलेजांत गेल्या? तुमचा कोच कॉलेजच्या कोचला स्वतः फोन करतो का? आणि आमच्या मुलीच्या पोझिशनवर अजून किती जणी आहेत? टीमचं नाव मोठं आणि मुलगी बाकावर, यापेक्षा मधल्या टीममध्ये रोज शॉर्टस्टॉपला खेळणं केव्हाही फायद्याचं. बाकावर बसलेल्या मुलीला कुणी रिक्रूट करत नाही.

खर्चाची कल्पना ठेवा. फी, प्रवास, हॉटेल, खासगी पिचिंग किंवा हिटिंग कोच हे सगळं धरलं तर वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात. स्कॉलरशिपमधून ‘वसूल’ होईल या हिशेबाने ट्रॅव्हल बॉलमध्ये पडणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

कॉलेजचे कोच मुलीशी कधी बोलू शकतात?

डी-1: अकरावीचा 1 सप्टेंबर. त्याआधी फोन, मेसेज, रिक्रूटिंगचा ईमेल, अधिकृत किंवा अनधिकृत भेट, यातलं काहीही चालत नाही. मुलीने स्वतः फोन केला तरी कोचला रिक्रूटिंगचं बोलता येत नाही. पूर्वी सातवी-आठवीतल्या मुली तोंडी ‘कमिट’ करायच्या. तो प्रकार थांबवायला 2018 मध्ये हा नियम आला.

डी-2: दहावी संपल्यानंतरचा 15 जून.

डी-3: ईमेल आणि फोन केव्हाही. कॅम्पसबाहेर भेट दहावी संपल्यावर आणि कॉलेजच्या खर्चाने अधिकृत भेट अकरावीच्या 1 जानेवारीनंतर.

एनएआयए आणि जुको: जवळपास केव्हाही.

ही बंधनं कोचवर आहेत, मुलीवर नाहीत. ती नववीतही ईमेल पाठवू शकते. उत्तर आलं नाही किंवा फक्त कॅम्पचं पत्रक आलं, तर तो नकार नव्हे. त्याला तेवढंच पाठवता येतं. पण अकरावीचा 1 सप्टेंबर उलटून महिना झाला, तुमचे चार ईमेल गेले आणि तरी शुकशुकाट असेल, तर तो नकार समजा आणि यादीतलं पुढचं नाव घ्या.

ईमेलमध्ये काय लिहायचं?

कोच ईमेल फोनवर, उभ्याउभ्या वाचतो. त्यामुळे विषयाच्या ओळीतच सगळं हवं: ग्रॅज्युएशनचं वर्ष, नाव, पोझिशन, बॅटिंग आणि थ्रो डावी की उजवी, जीपीए (ग्रेडची सरासरी), आणि खेळायचं ठिकाण व वेळ. ‘2028, कॅचर, उजवी-उजवी, जीपीए 3.9, शनिवार सकाळी 10, फील्ड 6’ एवढं दिसलं तर ईमेल उघडला जातो. ‘तुमच्या प्रोग्रॅममध्ये रस आहे’ असल्या विषयाचे रोज पन्नास येतात.

आत पाच-सहा वाक्यं पुरतात. पहिलं वाक्य त्या कॉलेजबद्दल आणि ते खरंखुरं: कोणता मेजर घ्यायचा आहे, त्यांची कोणती मॅच पाहिली, त्यांची कोणती कॅचर यंदा बाहेर पडते आहे. मग उंची, मोजमापं, जीपीए, व्हिडिओची लिंक, स्पर्धेचं वेळापत्रक, जर्सीचा नंबर, ट्रॅव्हल कोचचं नाव आणि फोन. स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी एकदा आणि वेळापत्रक पक्कं झाल्यावर, म्हणजे दोन दिवस आधी, पुन्हा एकदा पाठवा. मैदानं आयत्या वेळी बदलतात. जुना नंबर बघून कोच फील्ड 6 वर उभा आणि मुलगी फील्ड 11 वर खेळते आहे, हे फार वेळा होतं. बदल कळताच दोन ओळी टाकायच्या.

ईमेल मुलीच्या स्वतःच्या खात्यावरून जावा. आईवडिलांनी लिहिलेला ईमेल कोचला दुसऱ्या वाक्यात ओळखू येतो. आणि कॉपी-पेस्ट करताना एका कॉलेजच्या कोचला दुसऱ्याच कॉलेजचं नाव गेलं, की तो दरवाजा बंद झाला म्हणून समजा.

व्हिडिओ कसा काढायचा?

तीन ते चार मिनिटं, फोनवर, ट्रायपॉड लावून. संगीत नको, स्लो मोशन नको, उडती अक्षरं नकोत. सुरुवातीला पाच सेकंद एक पाटी: नाव, वर्ष, पोझिशन, उंची, जीपीए, संपर्क. पहिल्या तीस सेकंदांत सगळ्यात भारी कौशल्य यायला हवं, कारण पुढचं बघायचं की नाही हे तिथेच ठरतं.

बॅटिंग दोन कोनांतून घ्या: बॅटरच्या छातीसमोरून आणि मागून. पिचिंगसाठी एकदा कॅचरच्या मागून, म्हणजे चेंडू कुठे वळतो ते दिसेल, आणि एकदा बाजूने, म्हणजे पाय आणि कंबर दिसेल. प्रत्येक पिचच्या आधी तिचं नाव बोलून सांगा: ड्रॉप (खाली पडणारा), राइज (वर उठणारा), चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेला). फील्डिंगमध्ये चेंडू अडवण्यापासून थ्रो पहिल्या बेसच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा शॉट सलग हवा. थ्रो सुटताच कट केला, तर थ्रो गेला कुठे ही शंका येतेच. मॅचमधल्या एकदोन अख्ख्या बॅटिंग पाळ्या न कापता जोडा. त्यात एक फाउल, एक सोडलेला वाइड बॉल असला तरी हरकत नाही. मुलगी चेंडू कसा वाचते ते तिथेच दिसतं.

किती वेग लागतो? आकडे सांगा.

आकडे सांगतो, पण हे ठोकताळे आहेत, कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत.

पिचर: वरच्या डी-1 मध्ये ताशी 64-65 मैलांच्या पुढे, मधल्या डी-1 मध्ये 60 ते 64, डी-2 मध्ये 58 ते 62, डी-3 मध्ये 54 ते 60. पिचिंगचं अंतर हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे 43 फूटच असतं. चेंडू हातातून सुटतो तो साधारण सहा फूट पुढे, म्हणजे उरतात 37 फूट. 60 मैलांचा चेंडू ते 0.42 सेकंदांत कापतो, 65 चा 0.39 सेकंदांत. फरक इतका छोटा असल्यामुळेच कोच नुसत्या वेगाला भुलत नाही. वेगापेक्षा दहा-पंधरा मैलांनी हळू, पण अगदी त्याच हाताच्या हालचालीतून येणारा चेंज-अप आणि हवा तिथे टाकलेला ड्रॉप 58 मैलांच्या पिचरलाही जागा मिळवून देतो. चेंज-अप नसलेली 62 मैलांची पिचर कॉलेजच्या बॅटरला दुसऱ्या फेरीत सापडते.

कॅचर: इथे ‘पॉप टाइम’ बघतात. कॅचरच्या मिटमध्ये चेंडू आदळल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा वेळ. 1.8 सेकंद म्हणजे उत्तम, 1.9 ला डी-1 चा विचार होतो, 2.0 च्या आसपास डी-2 आणि डी-3. होमपासून दुसरा बेस 84 फूट 10 इंच. 60 मैलांचा थ्रो तिथे 0.96 सेकंदांत जातो, 55 मैलांचा 1.05 मध्ये. म्हणजे हाताचा वेग पाच मैलांनी वाढवायला वर्ष घालवलं तर मिळाले सेकंदाचे नऊ शतांश. तेवढेच किंवा त्याहून जास्त मिटमधून हातात चेंडू घेण्याच्या आणि पाय वळवण्याच्या सरावातून दोन-तीन महिन्यांत मिळतात. कॅचर मुलींनी आधी तिकडे लक्ष द्यावं.

इनफिल्ड आणि आउटफिल्ड: थ्रोचा वेग 60 च्या आसपास किंवा पुढे, टीवरून (चेंडू ठेवायच्या स्टँडवरून) मारलेल्या चेंडूचा वेग 65 ते 70 च्या पुढे, होम ते पहिला बेस उजव्या बॅटरला 3 सेकंदांच्या आत. डाव्या हाताने धावत धावत मारणाऱ्या स्लॅपरकडून 2.7-2.8 ची अपेक्षा असते.

आकडे फुगवू नका. प्रत्येक कोचच्या बॅगेत स्वतःची रडार गन आणि स्टॉपवॉच असतं. ईमेलमध्ये 63 लिहून मैदानावर 58 दिसले की पुढच्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसत नाही, जीपीएवरसुद्धा. बुलपेनमधला सर्वोच्च वेग देण्याऐवजी मॅचमध्ये पाचव्या इनिंगला असतो तो द्या.

कॉलेजच्या कॅम्पला जावं का?

ज्या कॉलेजात मुलीला खरंच जायचं आहे आणि जिथल्या कोचने तिच्या ईमेलची किंवा खेळाची काहीतरी दखल घेतली आहे, तिथे जा. कोच स्वतः शिकवतो, मुलगी चूक सुधारून घेते का हे बघतो, आणि मुलीलाही कोचचा आवाज, स्वभाव कळतो. पण ‘तुमची खास निवड झाली आहे’ असं पत्र आलं म्हणून जाऊ नका. तेच पत्र काही हजार मुलींना गेलेलं असतं आणि कॅम्पच्या फीमधून सहायक कोचच्या पगाराला हातभार लागतो. डी-1 च्या कॅम्पमध्येही अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी रिक्रूटिंगची चर्चा करता येत नाही, हे लक्षात असू द्या. वर्षाला दोन-तीन पुरेत.

पैसे घेऊन रिक्रूटिंग करून देणाऱ्या कंपन्या उपयोगी असतात का?

त्या करतात ते काम, म्हणजे यादी, ईमेल आणि प्रोफाइल, मुलगी स्वतः रविवारच्या दोन तासांत करू शकते. कंपनीच्या पत्त्यावरून आलेले घाऊक ईमेल कोच वाचतही नाहीत. पैसे वाचवा.

अभ्यासाचे नियम काय आहेत? आमच्या मुलीचे मार्क चांगले आहेत.

चांगले मार्क असलेल्या मुलीही इथे अडकतात. कारण गुण नसतात, विषय असतात. डी-1 साठी 16 कोर कोर्स, म्हणजे एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय, लागतात: इंग्रजीची 4 वर्षं, गणिताची 3 (आल्जिब्रा-1 किंवा वरचं), विज्ञानाची 2, या तिन्हींपैकी जादा 1, सामाजिक शास्त्रांची 2 आणि आणखी 4. कोर जीपीए किमान 2.3. त्यातले 10 कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहांपैकी 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातले. डी-2 साठीही 16 च, पण वाटणी थोडी सैल आणि कोर जीपीए 2.2. डी-3 मध्ये असा राष्ट्रीय आकडा नाही, कॉलेजचं ॲडमिशन ऑफिस ठरवतं.

घोळ होतो तो असा. प्रत्येक हायस्कूलची कोर कोर्सची मंजूर यादी एनसीएएच्या संकेतस्थळावर असते आणि यादीत नसलेला कोर्स मोजला जात नाही, ए ग्रेड असली तरी. उन्हाळ्यात दुसऱ्या ऑनलाइन शाळेतून घाईघाईत उरकलेला कोर्स हे नेहमीचं कारण. आठवीत केलेला आल्जिब्रा-1 हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर आला असेल तरच धरला जातो. नववीच्या सुरुवातीलाच ही यादी छापून काउन्सेलरसमोर ठेवा. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये आधी फुकट प्रोफाइल पेज उघडता येतं. डी-1 किंवा डी-2 चं जमतंय असं दिसलं, की फी भरून सर्टिफिकेशन खातं करायचं.

एसएटी लागते का?

एनसीएएला नाही, 2023 पासून ती अट गेली. कॉलेजला मात्र लागू शकते. आयव्ही लीगमधल्या बऱ्याच कॉलेजांनी ती परत आणली आहे.

स्कॉलरशिप किती मिळते?

जुना हिशेब असा होता: डी-1 च्या टीमकडे 12 पूर्ण स्कॉलरशिप, त्या वीस-बावीस मुलींत वाटायच्या. 6 जून 2025 रोजी कोर्टाने ‘हाउस’ खटल्यातल्या (खेळाडू विरुद्ध एनसीएए) समझोत्याला मंजुरी दिली आणि 1 जुलैपासून ती मर्यादा गेली. तिच्या जागी रोस्टरची, म्हणजे टीममधल्या एकूण खेळाडूंची, मर्यादा आली: समझोता स्वीकारलेल्या कॉलेजात सॉफ्टबॉलच्या जास्तीत जास्त 25 मुली. कॉलेजला परवडलं तर पंचविसाही जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. परवडतं फार थोड्यांना. मोठ्या कॉन्फरन्समध्ये पैसा वाढला, लहान डी-1 कॉलेजांत परिस्थिती जवळपास होती तशीच आहे.

या बदलाचा फटका बसला तो वॉक-ऑन मुलींना, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये राहणाऱ्यांना. पूर्वी कोच अशा तीन-चार मुली सहज ठेवायचा. आता पंचविसावी जागाही मोलाची झाली. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, विशीतल्या, कॉलेजचा अनुभव असलेल्या खेळाडू मिळत असताना सतरा वर्षांच्या मुलीवर जागा खर्च करायची का, हा प्रश्न प्रत्येक कोचपुढे आहे. 2024 मध्ये स्टॅनफर्डची पिचर नायजारी कॅनडी दहा लाख डॉलरहून मोठा करार घेऊन टेक्सास टेकला गेली आणि पुढच्याच वर्षी ती टीम फायनलला होती. ते बघून सगळेच शिकले.

डी-2 मध्ये टीममागे 7.2 स्कॉलरशिप, त्या वीसेक जणींत वाटल्या जातात. डी-3 मध्ये खेळाची स्कॉलरशिप शून्य. आयव्ही लीग डी-1 असूनही खेळासाठी पैसे देत नाही, घरच्या उत्पन्नावर मदत देते. जुकोच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये टीममागे 24 स्कॉलरशिप देता येतात. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं मात्र वेगळ्या संघटनेत आहेत आणि तिथे ती सोय नाही.

ऑफर आली. आता काय विचारायचं?

टक्केवारी कशाची? ‘40 टक्के’ म्हणजे ट्यूशनचे की राहणं-जेवण धरून पूर्ण खर्चाचे? दोन्हींत वर्षाला हजारो डॉलरचा फरक पडतो. एका वर्षाची की चार वर्षांची? वाढायची शक्यता कधी आणि कशावर? कॉलेजच्या गुणवत्ता स्कॉलरशिपशी जोडता येईल का? दुखापत झाली तर पुढच्या वर्षी काय? मुलीच्या पोझिशनवर सध्या कोण आहे आणि ती कधी बाहेर पडते?

तोंडी ‘कमिटमेंट’ कुणालाच बांधील नसते, कोचलाही नाही. सोशल मीडियावर फोटो टाकला म्हणजे जागा पक्की झाली असं होत नाही. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे मुलीला कॉलेजशी बांधून घेणारं सहीचं पत्र, ऑक्टोबर 2024 मध्ये रद्द झालं. आता बारावीच्या नोव्हेंबरपासून सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. तो वाचा, सगळी पानं. आणि कोच दुसरीकडे गेला तर? करार कॉलेजशी असतो, कोचशी नाही. नव्या कोचला तुमची मुलगी आवडेलच असं नाही. म्हणून कोचवर खूश होऊन न आवडणारं कॉलेज निवडू नका.

डी-3 म्हणजे कमी दर्जा ना?

खेळाच्या पातळीत सरासरी फरक आहे, पण वरच्या डी-3 टीम तळाच्या डी-1 टीमना चांगलंच झुंजवतील. टफ्ट्सने 2013, 2014, 2015 अशी सलग तीन विजेतेपदं घेतली. एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, सेंट लुइसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी या सगळ्यांच्या टीम डी-3 मध्ये आहेत. मराठी घरांत ही नावं ऐकली की वडिलांचा चेहरा बदलतो, तो उगाच नाही.

इथे खेळाचा उपयोग पैशांसाठी नसून प्रवेशासाठी होतो. अकरावी संपल्यावर, उन्हाळ्यात, कोच मुलीची ट्रान्सक्रिप्ट आणि गुण ॲडमिशन ऑफिसकडे ‘प्री-रीड’साठी देतो. तिथून हिरवा कंदील आला की तो अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतो. हमी कुणी देत नाही, पण कोचचा पाठिंबा असलेला अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो. अर्ली डिसिजन बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे आधी कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर खर्चाचा अंदाज काढा.

आम्ही एच-1 वर आहोत, मुलगी एच-4 वर. अडचण येईल?

खेळायला आणि कॉलेजने दिलेली ॲथलेटिक स्कॉलरशिप घ्यायला एच-4 आड येत नाही. तीन ठिकाणी मात्र जपावं लागतं.

पहिलं, सरकारी मदत. एफएएफएसए या सरकारी अर्जातून मिळणारी केंद्रीय ग्रांट आणि कर्ज एच-4 वाल्यांना मिळत नाही. ऑफरमध्ये ‘बाकीचं फेडरल एडमधून होईल’ असं कोच गृहीत धरत असेल, तर पहिल्याच बोलण्यात स्पष्ट करा. इन-स्टेट फी मिळते की नाही हे राज्यानुसार बदलतं.

दुसरं, वय. 21 पूर्ण झाले की एच-4 संपतो, आणि तो दिवस बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात, सीझनच्या आसपास येतो. त्याआधी एफ-1 वर जावं लागतं. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी किमान वर्षभर आधी बोला.

तिसरं, एनआयएल. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. पण एच-4 वरच्या मुलीला काम करायची परवानगी नाही आणि एफ-1 वर ती फार मर्यादित आहे. बॅटच्या दुकानासाठी पैसे घेऊन केलेली एक इन्स्टाग्राम पोस्टसुद्धा ‘काम’ ठरू शकते. टीममधल्या सगळ्या जणी करतात म्हणून सही करू नका. आधी इमिग्रेशन वकील.

इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड करून खेळणं जमतं?

जमतं, पण प्रश्न लॅबचा असतो. सीझनमध्ये आठवड्याला 20 तास सरावाची मर्यादा आहे, त्यात प्रवास आणि फिजिओ धरत नाहीत. डी-1 मध्ये फेब्रुवारी ते मे जास्तीत जास्त 56 मॅच. दुपारी दोन ते पाचची केमिस्ट्री लॅब आणि तीन वाजताचा सराव एकमेकांवर आदळतात. भेटीच्या वेळी कोचला ‘जमेल का’ असं विचारू नका, तो ‘हो’च म्हणणार. टीममध्ये सध्या इंजिनिअरिंगच्या किती मुली आहेत, हे विचारा आणि त्यातल्या एकीशी बोला.

अंडरहँड पिचिंगने खांदा दुखावत नाही, हे खरं का?

खोटं. हात पूर्ण गोल फिरवून टाकायच्या विंडमिल पिचिंगमध्ये खांद्याच्या पुढच्या भागावर, बायसेप्सच्या कंडरेवर मोठा ताण येतो. बेसबॉलमध्ये शाळेच्या पिचरसाठी पिच मोजण्याचे नियम आहेत, सॉफ्टबॉलमध्ये बहुतेक राज्यांत नाहीत. त्यामुळे चांगली पिचर शनिवार-रविवारी चार-चार मॅच टाकते आणि मंगळवारी पुन्हा धडा घेते. मोजायचं काम घरच्यांनीच करायचं: मॅच, वॉर्म-अप, खासगी क्लास, सगळे पिच एका वहीत. वर्षातून दोन-तीन महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला दोन दिवसांपेक्षा जास्त दुखलं, तर बर्फ लावून पुढची मॅच खेळवू नका, डॉक्टरला दाखवा. पीजीएफच्या अंतिम आठवड्यासाठी जपलेला खांदा जूनमध्येच गेला, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं.

शाकाहारी मुलीची ताकद कमी पडते का?

पडत नाही, ताटात प्रथिनं असतील तर. 60 किलोच्या मुलीला दिवसाला साधारण 85 ते 95 ग्रॅम लागतात आणि नुसत्या वरण-भातातून ते भरत नाहीत. पनीर, ग्रीक योगर्ट, टोफू, सोया, उसळी, गरज पडली तर व्हे पावडर. वर्षातून एकदा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असलेली मुलगी ‘आळशी’ दिसते. स्पर्धेच्या दिवशी दोन मॅचमध्ये मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणि दहीभात, कुठल्याही एनर्जी बारइतकंच चालतं.

स्टँडमधून बाबा सूचना देतात. चालतं ना?

कोच मुलीइतकंच आईवडिलांनाही बघतो. जाळीमागून ‘कोपर वर!’ असं मराठीत ओरडलं तरी सूर कळतोच. क्रिकेट खेळलेल्या बाबांसाठी जादा सूचना: सरळ बॅटचं तंत्र इथे उपयोगाचं नाही, कंबर आडवी फिरायला हवी. ते हिटिंग कोचवर सोडा.

मी महाराष्ट्रात शालेय राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहे. अमेरिकेत खेळता येईल का?

येईल. अमरावती, जळगाव, पुणे, नागपूरकडच्या मुलींचा हात आणि पळणं चांगलं असतं आणि मैदानाची मापंही तीच: पिचिंग 13.11 मीटर, बेस 18.29 मीटर. कमी पडतो तो वेगवान पिचिंगविरुद्धचा अनुभव. थेट डी-1 चं स्वप्न ठेवण्यापेक्षा स्कॉलरशिप देणारं जुको किंवा एनएआयए कॉलेज हा खरा रस्ता आहे. दोन वर्षं खेळून, तिथल्या व्हिडिओवर पुढच्या कॉलेजात बदली घेता येते.

तयारी अशी: नववी ते बारावीच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका, मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासह. इंग्रजीची परीक्षा. वर सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ, त्यात मोजमापं मैल-फुटांत. कॉलेजने प्रवेश दिल्यावर आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) आणि मग एफ-1 व्हिसा. एक सापळा मात्र ओळखून ठेवा. बारावीनंतर नीट किंवा जेईईसाठी ‘रिपीट’ करत एकदोन वर्षं घालवली आणि त्या काळात जिल्हा-राज्य स्पर्धाही खेळलात, तर एनसीएएत खेळायची वर्षं कापली जाऊ शकतात. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात ईमेल सुरू करा.

बारावीचा जानेवारी आला, अजून एकही ऑफर नाही. संपलं का?

डी-1 साठी जवळपास हो. बाकीचं नाही. डी-3, एनएआयए आणि जुकोचे कोच मार्च-एप्रिलपर्यंत जागा भरत असतात, कारण त्यांच्या मुली आयत्या वेळी गळतात. मे-जूनमध्ये पोर्टलमुळे पुन्हा हलवाहलव होते. ज्या कॉलेजांत मुलीने आधीच अर्ज केला आहे, त्यातल्या प्रत्येकाच्या टीमचं रोस्टर उघडा, तिच्या पोझिशनवर किती सीनियर आहेत ते मोजा आणि जिथे दोन किंवा जास्त आहेत तिथे आज ईमेल पाठवा: ‘अर्ज केलेला आहे, 2026, सेकंड बेस, व्हिडिओ खाली.’ तीन दिवसांत उत्तर नाही आलं, तर मुलीने फोन करायचा. फोन तिनेच करायचा.